ठिपक्यांची तारीख

दुखणे हाताबाहेर गेले की आमच्याकडे माणसे एकच वाक्य बोलतात, "मिरजेला न्या." माणच्या दुष्काळी वाड्यांपासून थेट कर्नाटकातल्या खेड्यांपर्यंत हे वाक्य एकसारखे बोलले जाते. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. (सतारीही तेथेच तयार होतात, पण सतार आणायला मिरजेला गेलेले माणूस आमच्या नात्यात अजून निघायचे आहे.)

मी इतिहासाची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच. तरीही या अंकात मी मेंदूच्या छायाचित्रांवर लिहिते आहे, याचे कारण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. घरात इंग्रजी कागद आला की तो वस्तीगृहात माझ्यापर्यंत पोहोचतो, मग तो बँकेचा असो, खताच्या पोत्यावरचा असो की औषधाची चिठ्ठी असो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये असाच एक कागद आला, तो धाकट्या आत्याच्या एम.आर.आय.चा रिपोर्ट होता. वडिलांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तू शिकल्यालीस न्हवं, मग वाच की."

आत्या तासगाव तालुक्यात दिलेली. वय चौतीस, घरी दोन एकर द्राक्षबाग, दोन मुले. त्या वर्षीच्या जुलैत तिचे पाय कमरेपासून खाली बधिर झाले. पायातली चप्पल निसटली तरी कळेना. पोटाभोवती कोणी ओला पट्टा आवळून बांधला आहे, असे तिला वाटे. आणखीही एक तक्रार होती. ती तिने फक्त बायकांतच सांगितली. गावात आधी वात ठरला. मग मणक्यातली गॅप ठरली. आमच्या भागात पाय दुखणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मणक्यात गॅप असतेच. मालिश झाले, इंजेक्शने झाली. एका ठिकाणी कंबरेचा फोटो काढला, त्यात काहीच निघाले नाही. दोष कंबरेत नव्हताच, तो वर मानेत होता. पण पाय बधिर झाल्यावर मान तपासायची, हे आम्हाला तरी कसे सुचणार? एका जाणत्या बाईने देवऋष्याचे नाव सांगितले. तिथेही जाणे झाले. हे सारे होईपर्यंत सहा आठवडे गेले आणि मग मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, ते वाक्य उच्चारले, "मिरजेला न्या."

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूचा आणि पूर्ण मणक्याचा एम.आर.आय. सांगितला. मी सुट्टी काढून साताऱ्याहून रेल्वेने गेले. तपासणी केंद्रात आत शिरण्यापूर्वी अंगावरचा धातू उतरवावा लागतो. आत्या मंगळसूत्र काढायला तयार होईना. "मालक हैत की जित्तं, काढू कशाला?" असे ती त्या पोरसवदा कर्मचाऱ्याला विचारीत राहिली. शेवटी सासूने पिशवीतून हळकुंड काढले, दोऱ्यात ओवून गळ्यात बांधले आणि मग मंगळसूत्र उतरले. सासूबाई हळकुंड घरून घेऊनच आल्या होत्या! जोडवी निघता निघेनात. ती साबण लावून काढली.

त्या यंत्रात नेमके काय होते, हे मी नंतर समजून घेतले. त्यात क्ष-किरण नसतात. असते ते एक प्रचंड लोहचुंबक. नेहमीच्या दीड टेस्ला ताकदीच्या यंत्रातला चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट प्रबळ असतो. आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे. त्या हायड्रोजनचे अणुगर्भ या चुंबकात एका शिस्तीत येतात, रेडिओलहरींनी त्यांना डिवचले की ते उत्तर देतात आणि त्या उत्तरांवरून चित्र उभे राहते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. यंत्राची ठकठक मात्र भयंकर. आत्या बाहेर आल्यावर म्हणाली, "लोहाराच्या भट्टीत निजल्यागत वाटलं."

आता त्या कागदाकडे वळते. मेंदूच्या पांढऱ्या भागात नऊ ठिपके, मानेतल्या मज्जारज्जूत एक. बहुतेक ठिपके लंबगोल, मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला उभे राहिल्यासारखे. त्यापुढे शक्यतांची यादी होती: मल्टिपल स्क्लेरोसिस, त्यासारखे दोन-तीन आजार, क्षयाचा संसर्ग. आणि शेवटची ओळ होती, "क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक." शब्दकोश काढून बसले तेव्हा तिचा अर्थ एवढाच निघाला की, हे चित्र एकटे काही सांगू शकत नाही, माणसाच्या हकिकतीशी ते ताडून पाहा. एवढे मोठे यंत्र आणि शेवटी त्याने आम्हालाच प्रश्न विचारला! मला त्या दिवशी त्याचा रागच आला. आज येत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा काही नवा आजार नव्हे. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ मार्तें शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून जाणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टण असते. शरीराचीच संरक्षक यंत्रणा या वेष्टणावर उलटते आणि ते जागोजागी सोलून निघते. विहिरीतल्या मोटारीची केबल उंदराने कुरतडली की काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. वीज असते, मोटार असते, मधले आवरण गेलेले असते. कधी पाणी चढते, कधी नाही. उन्हाळ्यात तर ही केबल हमखास दगा देते. अंग तापले की लक्षणे वाढतात, हे विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली नोंदवले होते. आत्या कढत पाण्याने आंघोळ केली की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणायची, आणि आम्ही तिला रक्त कमी आहे म्हणून बीट खायला लावायचो.

पुष्कळ वर्षे आपल्या देशात हा थंड मुलखातला, गोऱ्या लोकांचा रोग समजला जाई. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले थोर मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजात हा रोग बराच आढळतो, असे दाखवून दिले. पुढे एम.आर.आय.ची यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आणि पारशी नसलेल्या, थंड मुलखात कधी न गेलेल्या बायकापुरुषांच्या मेंदूतही ते ठिपके दिसू लागले. रोग वाढला की दिसू लागला? दोन्ही असेल; पण तासगावच्या द्राक्षबागेतली बाई तीस वर्षांपूर्वी 'वाताने गेली' म्हणूनच नोंदली गेली असती, एवढे नक्की.

ठिपके मात्र फसवे असतात. पांढरा ठिपका दिसला म्हणजे हाच रोग, असे नाही. रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूत ते असतात, अर्धशिशीच्या रुग्णांतही असतात. क्षयाच्या गाठी आपल्याकडे नेहमीच्या. शिवाय या रोगाचा एक जुळा भाऊ आहे, डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा. त्याला ओळखणारी रक्ततपासणी २००४ नंतर आली, आणि ती महत्त्वाची अशासाठी की, एका भावाची काही औषधे दुसऱ्याला अपाय करतात. म्हणून डॉक्टरांना नाव हवे असते, आणि ते बिनचूक हवे असते.

त्यासाठी निकष आहेत. इयन मॅक्डोनल्ड या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांच्या नावाने ते २००१ पासून ओळखले जातात आणि वेळोवेळी सुधारले जातात. आत्याच्या वेळी २०१७ ची आवृत्ती चालू होती. तिचा गाभा दोन शब्दांत मावतो, स्थळ आणि काळ. रोग मेंदूत व मज्जारज्जूत एकाहून अधिक ठिकाणी पसरला आहे, हे दिसले पाहिजे. आणि तो एकाहून अधिक वेळा आला आहे, हेही दिसले पाहिजे. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मी एकदम सावरून बसले. ही तर आमच्या वर्गातली भाषा! पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर चंद्र असतो, महिना असतो, पण सन नसतो. आमचे सर नेहमी सांगतात की, असे पत्र हाती आले तर आधी स्थळकाळ ठरवा, मग अर्थ काढा. मजकुरातल्या स्वारीवरून, कोणाच्या मृत्यूवरून, पावसावरून सन काढावा लागतो. आत्याच्या डोक्यातली ती दहा पत्रे तशीच होती. स्थळ स्वच्छ दिसत होते, तारीख एकावरही नव्हती.

तारीख काढण्याचा एक उपाय यंत्राकडेही आहे. शिरेतून गॅडोलिनियम नावाचे द्रव्य देतात. ठिपका गेल्या काही आठवड्यांतला असेल तर तो उजळतो, जुना असेल तर नाही. म्हणजे शाई ओली आहे की वाळलेली, एवढे कळते. आत्याचा एकही ठिपका उजळला नाही. आम्ही उशिरा पोहोचलो होतो. शाई सगळी वाळून गेली होती. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि विचारले, "बाई, याआधी कधी डोळ्याला, हातापायाला, चेहऱ्याला काही झालं होतं? चार-आठ दिवस राहून आपोआप बरं झालेलं?"

"न्हाई बा," आत्या म्हणाली.

तिने लपवले नव्हते. बरे झालेले दुखणे हे दुखणे म्हणून आमच्याकडे कोणी मोजतच नाही.

त्या रात्री आम्ही मिरजेतच एका धर्मशाळेत उतरलो. मी वही काढली आणि विचारण्याची रीत बदलली. वर्ष विचारले नाही, पिके विचारली. खरड छाटणीला काय झाले होते? फळछाटणीला? बेदाणा शेडवर होता तेव्हा? थोरल्याचा पहिलीत दाखला केला तेव्हा? आणि मग सासूबाईच बोलल्या, "आगं, दोन वर्साखाली फळछाटणीच्या टायमाला हिचा डोळा न्हवता का गेला? पेस्ट लावायला बायका मिळंनात आन् ही डोळा धरून बसल्याली." मग आत्यालाही आठवले. उजवा डोळा. हलवला की आत दुखायचा. लाल लुगडे विटक्या विटकरीसारखे दिसायचे. तालुक्याला दाखवून थेंब आणले, तीन आठवड्यांत उजेड परत आला आणि बाग हातची गेली नाही म्हणून सगळे विसरले. ऑक्टोबर २०२२. एकातून दुसरे निघाले. २०२३ च्या पावसाळ्यात भांगलताना मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत 'करंट' जायचा. बायका हसायच्या, तीही हसायची. मी दोन्ही नोंदी तारखांसह लिहिल्या. शेजारी कंसात पीक लिहिले. बखरकारांना जे जमले नाही ते आमच्या आत्याच्या सासूने एका रात्रीत केले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले आणि आत्याला डोळ्यांच्या तपासणीला पाठवले. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन हलतात आणि डोळ्याचा संदेश मेंदूत पोहोचायला किती वेळ लागतो, ते डोक्याला लावलेल्या तारांवर मोजतात. उजव्या डोळ्याचा संदेश उशिरा पोहोचत होता. डोळ्याच्या नसेचा मागचा भागही फिकट दिसला. सासूबाईंच्या साक्षीला असा पुरावा मिळाला. जुळ्या भावाची रक्ततपासणी नकारार्थी आली. पाठीतले पाणी काढायचे म्हटल्यावर मात्र मामा अडून बसले; पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होते, असे गावात पक्के मानतात. डॉक्टरांनी अर्धा तास घालवून समजूत घातली. त्या पाण्यात क्षयाची लक्षणे नव्हती, आणि या रोगात सापडणाऱ्या प्रथिनांच्या पट्ट्या होत्या. नाव ठरले.

यानंतरचा भाग मी आपल्या हौसेने वाचला. आत्यासाठी म्हणा, की त्या यंत्रावरचा राग जिरवण्यासाठी म्हणा. १८६३ साली, शार्कोच्याही आधी, एडुआर्ड रिंडफ्लाइश नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ठिपक्याच्या मधोमध त्याला एक रक्तवाहिनी दिसली. एडिंबरोच्या जेम्स डॉसनने १९१६ साली बोटांसारखे लांबट ठिपके वर्णिले, तेही शिरांच्याच कडेने गेलेले. म्हणजे हा रोग शिरेच्या वाटेने मेंदूत उतरतो. पण हे सारे माणूस गेल्यावर कळायचे. १९८१ साली एम.आर.आय.ने जिवंत माणसातले ठिपके प्रथम दाखवले, मधली शीर मात्र अदृश्यच राहिली. शिरेतल्या रक्तातला प्राणवायू कमी झालेला असतो. अशा रक्तातले लोह चुंबकाचे क्षेत्र किंचित बिघडवते आणि हा बिघाड टिपणारी चित्रे घेतली तर शीर काळ्या रेघेसारखी उमटते. २००८ साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सात टेस्लाच्या यंत्रात ती जिवंत रुग्णांत दाखवली. मॅन्सफील्ड याच विद्यापीठातले. आता तीन टेस्लाच्या, काही वेळा दीडच्याही यंत्रावर ती दिसू शकते, मात्र तसा खास क्रम घ्यावा लागतो. पांढऱ्या लंबगोलाच्या मधोमध काळी रेघ, म्हणजे गव्हाचा दाणाच जणू. रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या ठिपक्यांत ही रेघ सहसा नसते.

दुसरी खूण आहे कडेची. उसाचे पाचट पेटवल्यावर मधला भाग विझून काळा पडतो, पण कडेने रात्रभर धुमसत राहते, हे कृष्णाकाठच्या कोणीही पाहिले असेल. काही जुन्या ठिपक्यांचे तसेच होते. त्यांच्या कडेला लोह साठवलेल्या पेशी गोळा होतात आणि त्याच चुंबकी बिघाडामुळे ठिपक्याभोवती काळी कड दिसते. ही कड सगळ्या रुग्णांत सापडत नाही. पण इतर रोगांत ती क्वचितच दिसते, म्हणून सापडली तर मोलाची. आणि ती आणखी एक वाईट बातमी सांगते की, वरून शांत वाटले तरी आत आग आहे.

मॅक्डोनल्ड निकषांची नवी सुधारणा २०२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मधली शीर आणि काळी कड या दोन्ही खुणांना जागा मिळाली. डोळ्याची नस हे पाचवे स्थळ म्हणून धरले गेले. सहा ठिपक्यांत शीर दिसली तर ती खूण पुरी. ठिपके दहापेक्षा कमी असतील तर निम्म्याहून अधिक ठिपक्यांत दिसायला हवी. आणि काळाची अट प्रत्येक रुग्णात हवीच, असे आता राहिलेले नाही. स्थळांचा आणि या खुणांचा पुरावा भक्कम असेल तर तारखेवाचूनही नाव ठरू शकते. वाचून मला बरे वाटले आणि थोडे रितेही वाटले. ज्या बाईला सासू नाही, वही नाही, तिच्यासाठी हे फार चांगले झाले. पण तो खास क्रम सांगायला आणि वाचायला जाणकार माणूस लागतो. शिवाय निकष लावण्याआधी लक्षणे या रोगाला साजेशी आहेत ना, हे पाहावेच लागते. 'क्लिनिकल कोरिलेशन'ची ओळ काही अजून पुसली गेलेली नाही.

आत्या आता काठीशिवाय चालते. सलाईनमधून पाच दिवस स्टिरॉइड दिले तेव्हाच पायात जीव परतला. पुढे हल्ले कमी व्हावेत म्हणून औषध चालू आहे. ते रोग नाहीसा करत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात या रोगाचे नाव आहे आणि मुंबईत १९८५ पासून या रुग्णांची एक संस्थाही काम करते, हे मी तिला सांगितले. 'अपंग' हा शब्द ऐकून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मामांचे मात्र अजून पटत नाही. त्यांच्या वडिलांना क्षय झाला होता, ते सरकारी गोळ्या खाऊन खडखडीत बरे झाले आणि पुढे वीस वर्षे जगले. "टीबीच आसंल," ते मला परवा बांधावर म्हणाले, "टीबी आसंल तर गोळ्या खाऊन बरी तरी हुईल. तू परत एकदा वाच की तो कागद." घरातल्या माणसाला क्षय असावा अशी आशा करणारा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहिला. मी कागद पुन्हा वाचला, त्यांच्यासमोर, सावकाश. त्यात जे होते तेच होते.

पुढचा एम.आर.आय. जूनमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी करायचा आहे. शीर दाखवणारा तो क्रम घेता येईल का आणि नऊपैकी निदान पाच ठिपक्यांत ती रेघ आहे का, हे डॉक्टरांना विचारायचे म्हणून मी वहीत लिहून ठेवले आहे. मामांना अजून सांगितलेले नाही.

— द्वितीय वर्ष, कला